शकुंतला कुणाची? यवतमाळच्या रुळांखालचे करार

दर दोन-चार महिन्यांनी एक संदेश फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. सोबत झाडोऱ्यातून वाट काढणाऱ्या एका चिमुकल्या आगगाडीचे चित्र असते आणि खाली मजकूर असतो की, भारतातली एक रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची असून तिच्यापोटी आपण दरवर्षी लंडनला कोट्यवधी रुपये पाठवतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला. त्यामुळे मित्र तो संदेश माझे नाव घालून पाठवतात, जणू त्या गाडीचा मी वारसदारच आहे. आज त्याला सविस्तर उत्तर लिहितो आहे. धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

ती गाडी म्हणजे आमची शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी तिची दोन अंगे, मिळून सुमारे १९० किलोमीटर. रुळांमधले अंतर २ फूट ६ इंच. मूर्तिजापूरला ती मुंबई–नागपूर या मुख्य मार्गाला भेटे. माझी आजी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली. तिच्या बोलण्यात 'गाडी' हा शब्द आला की तो या एकाच गाडीसाठी असे. बाकीच्यांना ती 'मोठी रेल' म्हणे. माझ्या स्वतःच्या आठवणीतली शकुंतला मात्र म्हातारी झालेली होती. ताशी वीस किलोमीटरच्या पुढे तिला जाववत नसे. मधल्या स्थानकांवर तिकीट देणारा कर्मचारीच उरला नव्हता. गाडी थांबली की गार्ड खाली उतरे, उतारूंना तिकिटे देई, पैसे घेई, मग आपल्या डब्यात चढून हिरवे निशाण दाखवी. आम्हा मुलांना हे सारे मौजेचे वाटे. एखादी संस्था माणसे कमी करत करत शेवटी एकाच माणसात कशी उरते, याचे ते दर्शन होते, हे पुष्कळ वर्षांनी उमगले.

आता इतिहासाकडे वळू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रज गिरणीमालकांचे डोळे लागले. त्याच दशकात या प्रदेशासाठी 'कॉटन कमिशनर' असे स्वतंत्र पद निर्माण झाले आणि त्यावर रिव्हेट-कार्नाक हा अधिकारी आला. एका पिकासाठी आयुक्त नेमणारे सरकार रेल्वेची रेघ कुठून ओढील, हे सांगायला ज्योतिषी नको. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, भुसावळहून नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांना लगोलग छोटे फाटे मिळाले.

यवतमाळ त्या रेघेच्या दक्षिणेला, पठारावर राहिले. आमच्या भागातला कापूस बैलबंड्यांतून धामणगावला जाई, कारण मुख्य मार्गावरचे जवळचे स्थानक तेच. पन्नासेक किलोमीटरची ती वाट. पावसाळ्यात काळी माती बंडीची चाके आऱ्यापर्यंत गिळते. हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणून काम निभावून जाई. पण पाऊस लांबला की रुई भिजे आणि भाव पडे. (माझ्या महाविद्यालयीन दिवसांतही पुण्या-मुंबईची गाडी धरायला आम्ही एसटीने धामणगावच गाठत होतो. बंडीची एसटी झाली, एवढाच काय तो फरक.)

पुढे १९०२ मध्ये वऱ्हाडचा कायमचा पट्टा वर्षाला २५ लाख रुपयांवर ठरला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९०५ साली 'वणी' जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. ही सर्व उलथापालथ होत असताना सरकारी अधिकाऱ्यांना आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मुख्य मार्गापासून दूर असलेला कापूस मार्गापर्यंत आणायचा, तर उपमार्ग हवेत. पण त्यांच्यासाठी पैसा कोण घालणार?

या प्रश्नापाशी जरा थांबावे लागेल, कारण शकुंतलेचे सगळे पुढचे आयुष्य त्याच्या उत्तरात दडलेले आहे. मुख्य रेल्वे इंग्लंडमधल्या भांडवलावर, सरकारच्या व्याजहमीवर उभ्या राहिल्या होत्या. ती हमी फार महागात पडल्याची टीका दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी केली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सरकारने फाट्यांसाठी वेगळ्या अटी जाहीर केल्या. त्यांना 'ब्रांच लाइन टर्म्स' म्हणत. मतितार्थ असा: भारतातच रुपयांत भागभांडवल उभे करा, कंपनी काढा, मार्ग बांधा. गाडी तुम्ही चालवू नका. ती शेजारची मोठी रेल्वे चालवील, आपला खर्च कापून घेईल आणि उरलेले उत्पन्न तुम्हाला देईल. गुंतवणूकदाराला किमान परतावा मिळावा म्हणून वर थोडा टेकू देऊ. आणि ठराविक मुदतीने तो मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारकडे राहील.

मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनीने ही संधी ओळखली. ही १८५७ पासूनची व्यापारी पेढी. तापी खोऱ्यातल्या रेल्वेचे व्यवस्थापनही तिच्याकडेच होते. तिने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि आमच्या मार्गाबरोबर पुलगाव–आर्वी हा फाटाही त्याच कंपनीने बांधला. चालवायचे काम जीआयपीचे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या गाठी अरुंद वाघिणींतून मूर्तिजापूरला जाऊ लागल्या. तिथे हमाल त्या उतरवून मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत भरत आणि तिथून त्या मुंबई बंदराच्या वाटेला लागत. हमालीचा हा जादा खर्च अरुंद मापाबरोबर आलेला होता. पण अरुंद माप स्वस्त. रूळ हलके, पूल लहान, वळणे अगदी आवळ; डोंगर आला तर पोखरण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. थोड्या पैशांत फाटा उभा करायचा झाला की हेच माप निवडले जाई.

तर मग मालकी इंग्रजांची होती का? व्यवस्थापक पेढी इंग्रजांची होती, हे खरे. पण कंपनी इथली, भांडवल रुपयांचे. आणि स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन ही पेढीही भारतीय मालकांच्या हाती गेली. त्यामुळे 'लंडनला पैसे' ही त्या संदेशातली सर्वांत चटकदार ओळ टिकत नाही. आणखी एक वाक्य नेहमी जोडलेले असते: १९५१ साली सगळ्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ही एकटी विसरली गेली. तेही तपासून पाहा. जीआयपी सरकारने १९०० सालीच विकत घेतली होती, आणि १९२५ मध्ये तिचा कारभारही कंपनीकडून आपल्या हाती घेतला होता. १९५१ मध्ये झाली ती पुनर्रचना. तीत मध्य रेल्वे हा विभाग जन्मला. शकुंतला चालवण्याचे काम जीआयपीकडून या मध्य रेल्वेकडे आले. मालकी होती तिथेच राहिली, कारण खरेदीचा हक्क वापरायचा की नाही हा सरकारचा निर्णय होता, आणि तो वापरला गेला नाही.

तुलनेसाठी बार्शीची रेल्वे घ्या. माप तेच, २ फूट ६ इंच. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनला नोंदलेली, खऱ्या अर्थाने विलायती कंपनी होती. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेतली. पुढे वेळ लागला, पण मिरजेपासून लातूरपर्यंत आज ब्रॉडगेज आहे. म्हणजे विलायती रेल्वे आपली झाली आणि रुंद झाली. आमची देशी भांडवलाची मात्र अडकून पडली. दंतकथेतल्या खलनायकाला इथे जागाच उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे की शकुंतलेचा घात तिच्या मालकाच्या जातकुळीने झालेला नाही. तो कराराच्या रचनेने झाला. ज्याचे रूळ होते तो गाडी चालवत नव्हता. जो गाडी चालवत होता त्याचे रूळ नव्हते. अशा मार्गावर नवे रूळ कोण टाकील? मालक म्हणेल, मला उत्पन्नाचा वाटा मिळतो, तेवढ्यात भागते. चालक म्हणेल, दुसऱ्याच्या वस्तूवर मी कशाला खर्च करू? भाड्याच्या घराला रंग कोण देणार, हा वाद वऱ्हाडातल्या प्रत्येक वाड्यात झालेला आहे. इथे तो १९० किलोमीटर लांबीच्या घराबाबत झाला. आणि हे पुढे कुणाला दिसत नव्हते असेही नाही. १९२०-२१ मध्ये भारतीय रेल्वेची तपासणी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने या फाटा-कंपन्यांची पद्धत गैरसोयीची ठरवली होती. अहवाल आला, वाचला गेला, करार चालू राहिले.

परिणाम डोळ्यांसमोर होता. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावू लागले आणि थेट १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सत्तरहून अधिक वर्षे! हौशी लोक या आकड्याचे कौतुक करतात. मलाही ते इंजिन प्रिय आहे. पण सत्तर वर्षे एकच इंजिन वापरावे लागणे हा अभिमानाचा विषय आहे, असे आजीसारख्या उतारूला कधी वाटले नसते. डिझेल इंजिन आले तरी रूळ जुनेच राहिले, म्हणून वेग वाढला नाही. दारव्ह्याहून पुसदला जाणारा एक फाटा होता, तो तर कितीतरी आधीच उखडला गेला. रस्ते सुधारले, एसटी आणि काळी-पिवळी गावोगाव गेली, कापूस ट्रकमध्ये चढला. शेवटी गाडीत राहिले ते ज्यांना एसटीचे भाडे जड होते असे लोक: मजूर, भाजीवाल्या, शाळेची पोरे. गेल्या दशकात गाडी थांबली. रुंदीकरणाची घोषणा २०१६ च्या सुमारास झाली, तिच्या बातम्यांची कात्रणे आमच्या घरी अजून आहेत.

एक गोष्ट निसटू नये. 'यवतमाळ जिल्ह्यात रेल्वे नाही' असे आम्ही सवयीने म्हणतो, पण जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीतून ब्रॉडगेज जाते. का? तिथे कोळसा आहे. कापसाला अडीच फूट, कोळशाला साडेपाच फूट. नकाशावर बोट फिरवले की जमिनीखाली आणि जमिनीवर काय पिकते ते रुळांच्या मापावरून वाचता येते. माणसे दोन्हीकडे होतीच.

आता नव्या मार्गाकडे येतो; खरे तर त्याच्यासाठीच हा धागा लिहायला घेतला. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज मार्ग. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव अशी गावे त्याच्यावर येतात. विदर्भ आणि मराठवाडा यांना थेट सांधणारा हा दुवा. २००८ च्या सुमारास त्याला मंजुरी मिळाली. वर्धा ते कळंब हा सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या यवतमाळ दौऱ्यात खुला झाला.

सोळा वर्षांत ४० किलोमीटर. शेजारच्या नागपूरकडे पाहिले की हे अधिक टोचते. नागपूर मेट्रोची पायाभरणी २१ ऑगस्ट २०१४ रोजी झाली, मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी सुटली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा संपूर्ण चालू झाला. त्याचीही लांबी सुमारे ४० किलोमीटरच आहे, आणि ती भर वस्तीत, खांबांवर उभारलेली! वर्धा रोडवर तर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा तिमजली प्रकार आहे. म्हणजे अभियंते कमी पडले असे म्हणण्याची सोय नाही.

फरक पुन्हा पैशाच्या अटींचा. मेट्रोसाठी केंद्र आणि राज्य यांची संयुक्त कंपनी झाली. तिने जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या वित्तसंस्थांकडून दीर्घ मुदतीचे कर्ज उचलले. कर्ज काढले की व्याजाचा काटा फिरू लागतो आणि उशिराची किंमत रोज दिसते. वर्धा–नांदेडचा पैसा केंद्र आणि राज्य यांच्या अर्थसंकल्पांतून दरवर्षी थोडाथोडा येतो. एखाद्या वर्षी भरघोस, एखाद्या वर्षी तोंडी लावण्यापुरता. दरम्यान जमिनीचे भाव वाढतात, पोलाद-सिमेंट महागते, अंदाजपत्रक पुन्हा करावे लागते. मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्च फुगला तो असा. शंभर वर्षांपूर्वी उपमार्गाचे भवितव्य ब्रांच लाइनच्या अटींनी ठरवले. आज ते वार्षिक तरतुदीच्या ओळी ठरवतात. मला तर वाटते, इतिहासाच्या विद्यार्थ्याने रेल्वेचा नकाशा पाहण्याआधी तिचा ताळेबंद मागावा. (इंजिनांची छायाचित्रे जमवणारे माझे मित्र यावर रागावतील.)

नव्या मार्गाला निसर्गाचीही अडचण आहे, हेही नोंदवले पाहिजे. यवतमाळ वर्ध्याहून सुमारे दोनशे मीटर उंच. शकुंतला वळसे घेत चढे. ब्रॉडगेजची जड गाडी तेवढी आवळ वळणे आणि उभे चढ सोसत नाही. तिला उंच भराव, खोल खोदाई आणि बोगदे लागतात. वर्धा नदी ओलांडायला मोठा पूल लागतो. त्यातून आमची काळी माती! पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. अशा मातीवर सरळ रूळ टाकले तर ते वर्षभरात लाटांसारखे होतील. म्हणून चांगल्या मुरुमाचे जाड थर देऊन पाया बांधावा लागतो. ज्या मातीने पहिली रेल्वे इथे ओढून आणली, तीच दुसरीच्या वाटेत आडवी आली.

कळंबजवळ माझ्या मामाचे शेत आहे. त्यातून या मार्गाचा पट्टा गेला. विहीर रुळांच्या अलीकडे आणि दोन एकर कपाशी पलीकडे, अशी वाटणी झाली. मोबदल्याचा हिशेब त्याने वहीत लिहून ठेवला आहे: मुलीचे लग्न, ठिबक, आणि उरलेले बँकेत. पलीकडचे दोन एकर त्याने शेवटी शेजाऱ्याला ठोक्याने दिले, कारण बैल घेऊन रोज वळसा घालून जाणे साठीत होत नाही. मी एकदा त्याला विचारले, "मामा, वाईट नाही वाटलं का?" तो बराच वेळ पऱ्हाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाटलं ना. पण गाडी त पाह्यजेच ना, बाप्पा. मामीले दर महिन्याले सेवाग्रामले न्या लागते."

मामीला सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवावे लागते. कळंबहून वर्ध्याला एसटीने जाऊन पुढे ऑटोने, असा आजवरचा प्रवास. कंबरेच्या दुखण्यात तो किती लांब असतो ते तिलाच विचारावे. आता ती गाडीने बसल्या जागी वर्ध्याला उतरते. पहिल्या खेपेला ती खिडकीशी बसली होती, आणि आपले शेत येताच तिने मामाला हाक मारून दाखवले, असे तो सांगतो. कापसाची एकही गाठ त्या गाडीत नव्हती.

यवतमाळपर्यंतचे काम पुढे सरकते आहे. दारव्ह्याला ही नवी वाट आणि शकुंतलेची जुनी वाट एकाच गावात येतील. तिथल्या जुन्या स्थानकाला दारव्हा मोतीबाग म्हणतात. नव्या रुळांची गाडी तिथे येईल तेव्हा जुन्याचे काय करायचे, ते उखडायचे, रुंद करायचे की जपायचे, हा प्रश्न गावातले लोक आत्ताच विचारू लागले आहेत. माझे मत रुंद करण्याच्या बाजूने आहे. मूर्तिजापूर–अचलपूर पट्ट्यातल्या अंजनगावच्या संत्री-केळीवाल्यांना आणि आमच्या लाडखेड-दारव्ह्याच्या लोकांना जपलेली रेल्वे नको आहे, चालणारी हवी आहे. एखादे इंजिन, एखादे स्थानक जरूर जपावे. नागपूरला मोतीबागेत अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे. ज्यांना हे माप डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी तिथे जाऊन डब्यात बसून यावे. गुडघे समोरच्या बाकाला लागतात.

शेवटी एक विनंती. यवतमाळ, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर या भागांतल्या ज्यांच्या घरी शकुंतलेची जुनी तिकिटे, मालाच्या बिल्ट्या, जिनच्या पावत्या किंवा जमीन गेल्याच्या नोटिसा असतील, त्यांनी त्यांची छायाचित्रे या धाग्याखाली जोडावीत. तिकिटे पुष्कळांनी जपली आहेत, त्यांचा संग्रह होईलच. मला विशेष उत्सुकता बिल्ट्यांची आहे: गाठ कुणाची, वजन किती, भाडे किती, आणि मूर्तिजापूरला हमाली किती लागली.